मालूचा नवस

मोहरम कोणत्या ऋतूत येतो, असे कोणी विचारले तर मला सरळ उत्तर देता येणार नाही. आपले सण शहाण्या मुलांसारखे आपापल्या पाटावर बसलेले असतात. पंचांगकर्त्यांनी दर दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना मध्ये घालून त्यांना ऋतूंच्या खुंट्यांना बांधून ठेवले आहे. आमच्या दगडी गडग्यापलीकडच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या पंचांगाला ही युक्ती मान्य नाही. त्यामुळे आपला अधिक महिना आला की पलीकडचा मोहरम एक महिना मागे सरकतो, आणि माणूस बऱ्यापैकी जगला तर त्याला तो सगळ्या ऋतूंत भेटून जातो. माझ्या लेकीच्या, मालूच्या, पहिल्या मोहरमाला पिकल्या फणसाचा वास होता. पुढे तो वैशाखात आला तेव्हा अंगणात आंब्याची साठे वाळत घातली होती. मग चैत्रात आला, कैरीची डाळ वाटत असताना. यंदा तो माघात आला आहे. सकाळी अंगावर पांघरूण असावेसे वाटते, आणि पलीकडची मुले ताशाचे कातडे शेकोटीवर धरून तापवत आहेत. ते तडतडणे ऐकले की मला मात्र सुरंगीच्या फुलांचा वास येतो. माघात सुरंगी कुठली? पण नाकाला पंचांग कळत नाही.

तो वास फाल्गुनातला, मोहरम पहिल्यांदा शिमग्याच्या पंधरवड्यात येऊन पडला त्या वर्षीचा. इकडे फागपंचमीपासून ढोल, तिकडे चंद्र दिसल्यापासून ताशे. आकाशात चंद्र एकच, आणि त्याच्याकडे बघून दोन्हीकडचे लोक वाजवत सुटलेले. दुपारी कातळ असा तापे की परसातली कोंबडीसुद्धा पाय उचलून उचलून चाले. काजूची बोंडे पिकून खाली पडत आणि त्यांचा आंबूस वास विहिरीपर्यंत येई. त्या दिवसांत आम्ही नवराबायकोंनी आमच्या घरापुरता एक निर्णय घेतला. गावाच्या इतिहासात त्याची नोंद होण्यासारखे काही नाही. पण आईबाप म्हणून इतके घाबरून आम्ही दुसरे काही ठरवल्याचे मला आठवत नाही, आणि ठरवल्यावर इतके हलकेही कधी वाटले नाही.

आधी नवसाविषयी सांगायला हवे. मालू दहा महिन्यांची असताना ऐन श्रावणात तिला डांग्या खोकला झाला. पलीकडे दाऊदभाई तांडेलांच्या घरात त्यांच्या धाकट्यालाही तोच. दाऊदभाईंचा मचवा मुंबईला कौले आणि आंबे नेतो, पण पावसाळ्यात मचवा वर ओढलेला आणि ते घरी. दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडांचा गडगा. त्याचे चार दगड कुठल्याशा वादळात पडले ते कोणी परत रचले नाहीत, आणि त्या खिंडीतून दोन्ही घरांची ये-जा. त्या श्रावणात दोन्ही घरांतून रात्रंदिवस खोकल्याचा आवाज येई. एका सकाळी तो एकाच घरातून येऊ लागला.

तो आमच्या घरातून येत होता. पलीकडचे घर गप्प झाले होते.

माझ्या सासूबाईंनी त्या दिवसांत एकाही देवाला वगळले नाही. पुळ्याच्या गणपतीला एकवीस नारळ, ग्रामदेवतेला खण, देवरूखकडच्या कुठल्याशा स्वयंभू शंकराला अभिषेक. डॉक्टरांचे औषधही चालूच होते. पुढे मालू बरी झाली तेव्हा श्रेय कोणाचे, हा प्रश्न सुटण्यापलीकडे गेला होता, आणि सासूबाईंनी सरळ सगळ्यांचे फेडून टाकले. एक नवस मात्र फेडून संपण्यासारखा नव्हता. पलीकडच्या आमिनाबी, दाऊदभाईंच्या बायको, स्वतःचे मूल पुरून चार दिवस झालेले असताना खिंडीत येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि आमच्या खोकणाऱ्या पोरीकडे बघत होत्या. सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले आणि म्हणाल्या, "आमिने, तुझ्या ताबुताला सांग. ही जगली तर परक्या घरी जाईपर्यंत दरसाल फकीर करीन."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवसाच्या मुलाला मोहरमात फकीर करतात. हिरवा झगा, गळ्यात रंगीत नाडा, कपाळाला अबीर, खांद्याला झोळी. पाच घरी जाऊन भीक मागायची, त्या पिठागुळाचा मलिदा करायचा आणि ताबुतापुढे ठेवून वाटायचा. आमच्या गावात कितीतरी हिंदू घरांतून हे चालते, किंवा चालत असे. मालूच्या गळ्यात नाडा दरसाल आमिनाबी बांधत आणि पहिली भीकही त्याच घालत. सासूबाई त्यांच्या घरचे पाणी पीत नसत. नातीचा जीव मात्र त्यांनी त्यांच्याच हवाली केला होता. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे त्यांना कधी वाटले नाही, आणि मीही त्यांना तसे दाखवून देण्याच्या भरीला पडले नाही. सून म्हणून मला तेवढे कळत होते.

आम्ही दोघे मात्र अस्वस्थ होतो. 'हे', म्हणजे आमचे वकीलसाहेब, कोर्टातून आल्यावर ओटीवर आरामखुर्चीत बसून घरातल्या गोष्टींवर ठराव मांडतात. मी अनुमोदन देत नाही, म्हणून ते पडून राहतात. नवसावर त्यांचा विश्वास नाही. "देवाला लाच देण्याचा प्रयत्न," असे ते म्हणत. पण मालूला नुसती शिंक आली तरी डॉक्टरांना निरोप पाठवणारेही तेच.

माझी अडचण निराळी होती. मालू कडेवर होती तोवर तो हिरवा झगा म्हणजे बाहुलीचे कपडे होते. तिला आठवे वर्ष लागले आणि झोळी घेऊन दारोदार "फकीराला काहीतरी द्या" म्हणू लागली, तेव्हा मला ते खटकू लागले. तिच्या मागून त्याच दारांत खऱ्या भुकेची माणसे उभी असत, आणि त्यांना "पुढे जा" म्हणणारे लोक हिच्या झोळीत गुळाचा खडा घालून वर गालगुच्चा घेत. त्यात वाचनालयातून आणलेल्या एका इतिहासाच्या पुस्तकात करबल्याची हकीकत वाचली. नदीकाठी तहानलेली माणसे, पाणी अडवलेले, तंबूत रडणारी मुले. दुपारी वाचायला घेतले ते दिवेलागणीपर्यंत सुटले नाही. ज्या दिवशी पलीकडचे लोक ही आठवण काढतात त्या दिवशी आपण आपल्या पोरीला सजवून गोड गोळा करायला पाठवतो, हे मला कसेसेच वाटू लागले. दुसऱ्याच्या सुतकात आपले वाढदिवस करावेत तसे.

मी हे बोलून दाखवले. हे म्हणाले, "ठीक आहे, यंदापासून बंद. ठराव पास."

"सासूबाईंना कोण सांगणार?"

ठराव पडून राहिला.

अशात एक दिवस अप्पासाहेब आले. अप्पासाहेब म्हणजे पेन्शनीत निघालेले मामलेदार. गावात कुठलीही सभा असो, अध्यक्ष तेच. एकदा तर आदल्या सभेत पडलेला हार त्यांच्या गळ्यात तसाच असताना ते दुसऱ्या सभेला आले होते, असे लोक सांगतात. मी पाहिलेले नाही, पण अविश्वास ठेवायला जागाही दिसत नाही. ते ओटीवर बसले, उपरणे मांडीवर घडी करून ठेवले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्यासारख्यांच्या घरून पोर ताबुताला जाते, हे शोभत नाही. आम्ही एक सभा बोलावतो आहोत. आपल्या लोकांनी हे प्रकार बंद करावेत, असा ठराव आहे. आपले नाव पहिले घालतो."

मी आतून चहा पाठवला आणि दाराआड उभी राहिले.

"आमच्या घरापुरते आम्ही पाहू," हे म्हणाले.

"घरापुरते कसे? हा संस्कृतीचा प्रश्न आहे."

नेमक्या त्याच वेळी त्यांच्याच आळीतली मुले शिमग्याची आरोळी ठोकत रस्त्याने गेली. आरोळीत आमच्या वकीलसाहेबांचे नाव होते, आणि त्या नावाला जोडून जे होते ते मी इथे लिहिणार नाही. अप्पासाहेबांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "मुले आहेत," ते म्हणाले. "परंपरा आहे. चालायचेच."

त्या आरोळ्यांविषयीही आम्ही काही वर्षे आधी एक निर्णय घेतला होता. फागपंचमी ते पुनव मुलीने तिन्हीसांजेला घराबाहेर जायचे नाही, खिडक्या लावून घ्यायच्या. त्याचा परिणाम एवढाच झाला की बंद खिडकीआड शांत बसल्यामुळे मालूला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला, आणि जेवताना तिने त्यांतल्या एकाचा अर्थ विचारला. ह्यांना एकाएकी आमटी हवी झाली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मोठी झालीस की विसरशील." तेव्हापासून खिडक्या उघड्या असतात.

तर अप्पासाहेब गेले, आणि आमची खरी पंचाईत सुरू झाली. आम्हाला जे नको होते नेमके तेच अप्पासाहेबांनाही नको होते. आता मालूला पाठवले नाही तर गाव म्हणणार, वकील सभेला भ्याला. दाऊदभाई काय समजणार? आमिनाबी काय समजणार? आणि केवळ अप्पासाहेबांचे ऐकल्यासारखे दिसू नये म्हणून पाठवले, तर पोरीचा झगा हे आमचे निशाण होणार. दोन्हीकडून मालू दुसऱ्याच कुणाच्या तरी मिरवणुकीत सापडत होती.

"तो मनुष्य आठ दिवस उशिरा आला असता तर?" हे चिडून म्हणाले.

"तर आठ दिवस आपण ठरावच करीत बसलो असतो," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही विहिरीपाशी बसून बोललो. पायरी अजून गरम होती. सुरंगीच्या झाडाखाली पिवळा सडा पडला होता, आणि मधमाश्या दिवस मावळला तरी घरी जायला तयार नव्हत्या. इतकी वर्षे संसार करून मी ह्यांना पहिल्यांदाच ठरावाची भाषा सोडून बोलताना ऐकले. ते म्हणाले, "खरं सांगू? मला अप्पासाहेबांची फिकीर नाही. नवस मोडला आणि पोरीला काही झालं तर? नवसाचा आणि त्याचा संबंध नसेल, मला ठाऊक आहे. पण आई जन्मभर माझ्याकडे बघेल ना."

मलाही तेच वाटत होते. आणि माझ्या भीतीत सासूबाईंच्या बघण्याचा भाग नव्हता. ती नुसतीच भीती होती. देव नाही असे चर्चेत म्हणणे सोपे जाते. मुलाच्या कपाळावर हात ठेवून म्हणून पाहावे.

शेवटी एवढे ठरले की जे करायचे ते चोरून करायचे नाही. सासूबाईंना सांगायचे, आणि आमिनाबींना आपण होऊन जाऊन सांगायचे. त्यांना वाईट वाटले तर समोर वाटू दे. त्यांनी नको म्हटले तर मालू जाईल. अप्पासाहेबांना काहीच सांगायचे नाही.

सासूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. ह्यांनी घसा साफ करून सुरुवात केली, आणि वकिली करतात तशी लांबण लावली. सासूबाईंनी सूप थांबवले नाही. बोलणे संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे नवस मोडायचा."

"मोडायचा नाही, आई. आता पुरे म्हणायचे."

"पुरे म्हणणारे आपण कोण? मी शब्द दिलाय तो आमिनेसमोर. ती बाई मेल्या पोराच्या चौथ्या दिवशी माझ्या नातीसाठी दुवा मागायला उभी राहिली. तिला काय सांगू? की माझी पोर जगली, आता मला तुझी गरज नाही?"

हे चष्म्याच्या काचा पुसू लागले.

सासूबाईंनी सूप खाली ठेवले. "चल गो सूनबाई. मीच विचारते तिला. ती पुरे म्हणाली तर पुरे. नाही म्हणाली तर तुम्ही दोघांनी पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आम्ही खिंडीतून पलीकडे गेलो. आमिनाबी पडवीत सुके मासे निवडत होत्या. आम्हाला दोघींना एकदम बघून त्या इतक्या घाईने उठल्या की टोपली कलंडली. सासूबाई पडवीच्या पायरीवर पदर सावरून टेकल्या. इतक्या वर्षांत त्या त्या पायरीच्या वर गेल्या नव्हत्या. मी उभीच. पलीकडे मशिदीच्या अंगणात ताबुताच्या कामट्या तासत होते, तो आवाज येत राहिला.

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या.

"आमिने, मी काय म्हणत होते—"

"माई, मना तुमाला एक सांगायचा होता—"

दोघी थांबल्या. "तू सांग आधी," सासूबाई म्हणाल्या.

आमिनाबींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "माझा भाऊ आलाय ना आफ्रिकेतून. तो म्हणतो, नाडे बांधना, पोरांना फकीर करना, हे आमच्या दीन-धर्मात नाय. रोज वाद. आमच्या घरातलेही म्हणतात, तो म्हणतो त्यात खोटा काय हाय. मना काय ते कळत नाय, माई. पण हल्ली नाडा बांधताना मी गाठ मारते न् परत सोडते. चूक करते का बरोबर, समजत नाय. दोन वर्सां झाली. तुमाला कसा सांगू? तुमचा नवस. तुमी म्हणाल, आमिनेला मालूचा चांगला बघवत नाय. आपला गेला म्हणून."

शेवटचे शब्द त्यांनी अगदी हळू म्हटले.

सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगो बये! आणि मी दोन वर्षं या सूनबाईची न् माझ्या लेकाची तोंडं बघत्ये, की आज बोलतील, उद्या बोलतील. त्याला नको, हिला नको, तुला नको, तुझ्या भावाला नको. मग आपण हे करत होतो कोणासाठी?"

"तुमच्यासाठी," आमिनाबी म्हणाल्या.

"आणि आम्ही तुझ्यासाठी!"

आधी आमिनाबींना हसू आले, मग त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आणि सासूबाईंनी, त्या घरचे पाणी न पिणाऱ्या माझ्या सासूबाईंनी, पायरीवरून उठून वर जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी कलंडलेली टोपली सरळ करत बसले. त्या वेळी कोणीतरी मासे गोळा करणे आवश्यक होते.

एकाच व्यक्तीला हा निकाल मान्य नव्हता. तिला कोणी विचारलेच नव्हते. मालूने सगळे ऐकून घेतले आणि कमरेवर हात ठेवून विचारले, "मग माझा मलिदा?"

"घरी करीन," मी म्हणाले.

"घरचा नको. आणि पाच घरी जाऊन मागायचं, ते?"

"तुला भीक मागायला आवडते?" ह्यांनी धक्का बसल्यासारखे विचारले.

"एरवी कोणाकडे गेले की तुम्ही म्हणता, काही मागू नकोस. त्या दिवशी मागता येतं. आणि सगळे माझ्याशीच बोलतात."

हे माझ्याकडे बघू लागले. आमचा श्रद्धा, बुद्धी, समाज आणि संस्कृती असा सगळा विचार करून झाला होता. आठ वर्षांच्या मुलीला वर्षातून एक दिवस लोकांच्या दारात स्वतःच्या हक्काने जायला मिळते, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. खरे सांगायचे तर तिच्या बोलण्यात आमच्या सर्वांच्या बोलण्यापेक्षा जास्त तथ्य होते.

मग मला त्या पुस्तकातली तहान आठवली. मी म्हटले, "मागायला नको, मालू. द्यायला उभी राहशील? खिंडीत माठ ठेवू. ताबुताबरोबर उन्हातून जाणाऱ्या लोकांना सरबत दे. तेव्हाही सगळे तुझ्याशीच बोलतील."

तिने विचार केला. "मी स्वतः वाढणार?"

"तूच."

"ढोलवाल्यांना पण देऊ? शिमग्याच्या?"

"तहान लागलेल्या सगळ्यांना."

या ठरावाला मात्र अनुमोदन मिळाले.

ताबुताच्या दिवशी माठ गडग्याच्या खिंडीत, अर्धा त्यांच्या बाजूला आणि अर्धा आमच्या, असा दोन दगडांवर बसवला. पाणी आमच्या विहिरीचे. साखर, सब्जा आणि गुलाबपाणी आमिनाबींचे, आणि कालवलेही त्यांनीच. केळीच्या पानांचे द्रोण सासूबाईंनी आदल्या दिवशी दुपारभर बसून लावले होते. मालूच्या गळ्यात नाडा नव्हता. आमिनाबींनी तिच्या वेणीत सुरंगीचा गजरा माळला आणि कानशिलावर बोटे मोडली. हिरव्या झग्याऐवजी ती शाळेच्या परकरपोलक्यात होती, हातात लांब दांड्याचे ओगराळे घेऊन, पहारेकऱ्यासारखी.

दुपार टळल्यावर ताबूत निघाला. कामट्यांचा, रंगीत कागदांचा, बेगडाचा. उन्हात असा चकाके की डोळे मिटावेत. उदाचा धूर. ताशेवाल्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. लोक खिंडीपाशी थांबत, द्रोण घेत, "जीती रह बेटा" म्हणत पुढे जात. काही जण आमच्याकडे बघत, मालूच्या मोकळ्या गळ्याकडे बघत. कोणी काही विचारले नाही. एक म्हातारे गृहस्थ द्रोण हातात धरून जरा वेळ नुसतेच उभे राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि प्यायले. इतक्या वर्षांत त्या दिवसाचे दुःख मी पहिल्यांदा पाहिले. एरवी माझे लक्ष झोळीत काय पडते त्याकडे असे.

ताबूत बंदराच्या रस्त्याला लागला आणि उलट बाजूने शिमग्याचे मानकरी आले. होळीच्या होमासाठी झाड पाहायला ही मंडळी सकाळीच निघाली होती. पुढे ढोल, मागे निशाण, आणि मधोमध पगडी, कोट, उपरणे अशा सगळ्या सरंजामात अप्पासाहेब. वास्तविक झाड कुठले हे दरवर्षी आधीच ठरलेले असते. पण ते पाहायला जाण्याचा मान आहे, आणि मान म्हटल्यावर कोट आलाच. अप्पासाहेबांचा चेहरा पिकल्या काजूबोंडासारखा लाल झाला होता. ते चालत नव्हते, त्यांना पगडी पुढे नेत होती.

"सरबत हवं?" मालूने रस्त्याच्या मध्यावर येऊन विचारले.

अप्पासाहेबांनी एक द्रोण घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांना बोलण्याइतका दम आला. "वा! वकीलसाहेब, याला म्हणतात आपली संस्कृती. वाटसरूंसाठी पाणपोई! असेच व्हायला हवे." मग काहीतरी मनात येऊन ते जरा थबकले, आणि माठाच्या पलीकडे उभ्या असलेल्या आमिनाबींकडे बघून त्यांनी विचारले, "पाणी कुठले?"

ह्यांनी तोंड उघडले. मी ह्यांच्याकडे बघितले. पण उत्तर आमच्या मागून आले.

"विहीर आमची आहे," सासूबाई म्हणाल्या.

अप्पासाहेबांचे समाधान झाले. त्यांनी चौथा द्रोण घेतला आणि ढोल पुढे निघाले. माठाच्या पलीकडे आमिनाबी पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या.

मिरवणूक वळणाआड गेल्यावर सासूबाईंनी मालूपुढे हात केला. "दे गो, मलाही दे एक. अप्पासाहेब प्यायले, म्हणजे शास्त्रात बसत असेल."

त्यांनी ते उभ्याने, एका घोटात प्यायले, आणि द्रोण खाली ठेवून म्हणाल्या, "साखर जरा जास्त झालीय, आमिने." त्या घरच्या पदार्थाविषयीचे ते त्यांचे पहिले मत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालू माजघरात झोपली होती. मी उठून गेले ते तिच्या कपाळाला हात लावून पाहावा म्हणून. पाहते तर सासूबाईंचा हात आधीच तिथे होता. त्यांनी तो जराही न गडबडता उचलला, "डास होता," म्हणाल्या आणि देवघरात गेल्या. मी हात ठेवला. कपाळ गार होते. हात काढला, आणि खात्री नीट झाली नाही असे वाटून पुन्हा ठेवला. मागे पावले वाजली. हे चष्मा शोधत आले होते. चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी वाकून मालूचे पांघरूण नीट केले, आणि ते करताना मनगटाची मागची बाजू तिच्या गालाला लागेल अशी काळजी घेतली. मग आंघोळीला गेले. न्हाणीतून त्यांनी कोणतासा श्लोक मोठ्याने म्हटल्याचे ऐकू आले. मी तो त्यांच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकला नव्हता.

मालू उठून दात घासायला विहिरीवर गेली तेव्हा आमिनाबी खिंडीत उभ्या होत्या. अजून उन्हे आली नव्हती, आणि त्यांच्या हातात कसलेही काम नव्हते. "इकडे ये गो जरा," म्हणून त्यांनी तिला जवळ ओढले आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. ते मुळी पुढे आलेच नव्हते.

मालू तोंडात राखुंडी तशीच ठेवून माझ्याकडे आली. "आई, आज सगळे माझं कपाळ का बघतायत? काही लागलंय का?"

"काही नाही लागलेलं," मी म्हणाले. "जा, चूळ भर."

तिला आता अकरावे वर्ष चालू आहे. माठ अजून दरसाल खिंडीत बसतो. यंदा गारठा आहे म्हणून तिने आपणच ठरवले की सरबताऐवजी आले घालून गुळाचे पाणी करायचे, आणि ते विचारायला ती आमच्याकडे न येता सरळ पलीकडे गेली. मघाशी मी ओटीवर हे लिहीत बसले होते, तेव्हा सासूबाई तिला सांगत होत्या की पाणी उकळताना वाफेपासून लांब राहा. मालूने "हो" म्हटले. मग सासूबाईंनी, सहज म्हणून, तिचे कपाळ पाहिले.